दीड रुपयासाठी पुण्याला

वीजबिलात आकार, शुल्क, अधिभार, कर असं सगळं अधिकच अधिक असतं. वजा चिन्ह असलेली एकच ओळ आमच्या बिलात होती: रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत वापरलेल्या युनिटमागे दीड रुपया सूट. त्या एका ओळीवर आमच्या फाउंड्रीचं, म्हणजे लोखंड वितळवून ओतीव भाग करणाऱ्या कारखान्याचं, सगळं वेळापत्रक बेतलेलं. दिवसा मोल्डिंग, कोअर, फेटलिंग, म्हणजे वाळूचे साचे, त्यांचे गाभे आणि ओतलेल्या मालाची साफसफाई. रात्री दहाला भट्टी चालू, पहाटे पाचच्या सुमाराला वितळलेल्या लोखंडाची शेवटची बादली, आमच्या भाषेत लाडल. लग्नाला बोलावणाऱ्या पाहुण्यांनाही ठाऊक, की आमच्याकडची माणसं दुपारच्या मुहूर्ताला डोळे चोळतच येणार.

२०२५ च्या सुरुवातीला महावितरणची दर याचिका वीजदर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगापुढे आली. २०२५-२६ ते २०२९-३० अशी पाच वर्षांची. वर्तमानपत्रात तिची जाहीर सूचना छापून आली, तीही इतक्या बारीक टायपात, की आमच्या हिशेबनिसानं ती मोबाइलवर फोटो काढून, मोठी करून मला वाचून दाखवली. दर किती वाढणार, किती घटणार हे वाचायची सवय असते. माझी नजर मात्र वेळेच्या तक्त्यावर अडकली. स्वस्त वीज आता सकाळी ९ ते संध्याकाळी ५. महाग वीज संध्याकाळी ५ ते रात्री १२. आणि आमची ती दीड रुपयाची ओळ तक्त्यात कुठं दिसेना.

यामागचं कारण चुकीचं आहे असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. रात्रीची सूट आली ती कोळशाच्या केंद्रांच्या जमान्यात. औष्णिक संच संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. रात्री मागणी नसते, तर उद्योगांनी ती वीज वापरावी, म्हणून सूट. आता राज्यात सौरवीज वाढत चालली. दुपारी वीज ओसंडून वाहते आणि सूर्य कलला की टंचाई. तेव्हा दुपारी वापरा म्हणणं रास्तच. पण वीस वर्षं आम्हाला रात्री जागायला शिकवलं आणि आता एका तक्त्यानं दिवसा जागा म्हणतात. भट्टी म्हणजे काही घरचं गिझर नव्हे, बटण सकाळी दाबलं काय अन् संध्याकाळी दाबलं काय.

हिशेब सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमची भट्टी ५५० किलोवॅटची, इंडक्शनची. एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट जातात. महिन्याला १६० टन धातू वितळतो, त्यातून विकण्याजोगं कास्टिंग साधारण १०० टन. बाकीचं रनर-रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेलं लोखंड), नाकारलेला माल परत भट्टीत. म्हणजे नुसत्या भट्टीला ९५-९६ हजार युनिट, बहुतेक सगळे रात्रीचे. गुणिले दीड रुपया, महिन्याला एक लाख बेचाळीस हजार. किलोमागे एक रुपया चाळीस पैसे. वाचणाऱ्याला हे चिल्लर वाटेल. पुण्याच्या ज्या पंप कंपनीला आम्ही माल देतो, तिथला खरेदी अधिकारी पन्नास पैशांसाठी राजकोटचं कोटेशन टेबलावर आपटतो. राजकोटचं नसेल तर कोइमतूरचं, नाहीतर बेळगावचं.

आमच्या उद्योजक संघटनेची बैठक बोलावली. बैठकीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं आणि ते ठरल्याप्रमाणे आलंच: "कर्नाटकात जाऊया." गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल-हातकणंगले, कोल्हापूरभोवतीच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत वीजदराची बैठक या वाक्याशिवाय सुरू होत नाही. सीमा अर्ध्या-पाऊण तासावर, त्यामुळं धमकी द्यायलाही सोपी. दहा-बारा वर्षांपूर्वी निपाणीजवळ तवंदीला जागा बघायला इथले उद्योजक गेले होते, एका गाडीत मीही होतो. घाटावरची हवा छान होती, परत येताना निपाणीत जेवलो. गेले किती? एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके मला ठाऊक आहेत. मोल्डर इथला, पॅटर्नवाला इथला, उद्यमनगरात रात्री नऊलाही बुश टर्न करून देणारा माणूस इथला. हे सगळं उचलून कुठं नेणार?

तरी बैठकीत ठरलं, की 'महाराष्ट्राच्या उद्योगांची स्पर्धात्मकता' असं निवेदन करायचं आणि शेजारच्या राज्यांचे दर त्यात घालायचे. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मधेच बोललो होतो. (संघटनेच्या कामाचा हा जुनाच नियम आहे: जो तोंड उघडतो त्याच्याकडे टाचणी-दोरा.)

तुलना करायला बसल्यावर पहिल्याच रात्री माझा उत्साह निम्मा झाला. आम्ही भाषणात म्हणतो, 'तिकडं युनिट इतक्याला, इकडं इतक्याला.' पण बिल एका आकड्याचं नसतं. वीज आकार वेगळा, वहन आकार वेगळा, केव्हीएवर, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती भार लागतो त्यावर, मागणी आकार वेगळा, वर वीज शुल्क. आपल्याकडे उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर निघतं. त्या मोजणीत पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला कामाला आलेला वाटा, आधीच धरलेला असतो; तो चांगला ठेवल्याबद्दल वेगळी सवलत मिळायची ती त्याबरोबर गेली. शेजारी मोजणी वेगळी असेल, तर दोन्हीकडचं युनिटच एक नाही. उद्योगावर आपलं वीज शुल्क साडेसात टक्के, कर्नाटकचा वीज कर ९ टक्के. म्हणजे या एका ओळीत आपण स्वस्त! ही ओळ निवेदनात घालावी की नाही यावर संघटनेत अर्धा तास वाद झाला. "आपणच त्यांचं काम कशाला करायचं?" असं एक ज्येष्ठ म्हणाले. मी घातली. मी घातली नसती आणि वितरण कंपनीच्या वकिलानं काढली असती, तर बाकीच्या तेरा पानांवर कुणी विश्वास ठेवला नसता.

मग बेळगावच्या साडूंना फोन लावला. त्यांचीही फाउंड्रीच, आमच्यापेक्षा थोडी मोठी. म्हटलं, "तुमचं एक महिन्याचं बिल पाठवा की, तुलनेला पाहिजे."

ते हसायलाच लागले. "कसली तुलना करताय राव? जून २०२३ आठवतंय का? दर वाढवले म्हणून कर्नाटकातल्या उद्योजकांच्या चेंबरनी बंद पुकारला होता. त्या दिवशी आम्ही काय घोषणा देत होतो माहितंय? महाराष्ट्रात जाणार, शिनोळीला!"

शिनोळी म्हणजे चंदगड तालुक्यातली, बेळगावला खेटून असलेली आपली औद्योगिक वसाहत. म्हणजे आम्ही तवंदीची धमकी देणार, ते शिनोळीची. दोघांचीही पत्रं आपापल्या राजधानीत जात असणार आणि तिथले अधिकारी दोन्ही पत्रं एकाच सुरात वाचत असणार. साडूंनी बिल पाठवलं. सगळं धरून त्यांची वीज त्या महिन्यात आमच्यापेक्षा स्वस्तच होती, त्यात शंका नाही. पण आमच्या बैठकीत ओरडून सांगितला जातो तेवढा फरक नव्हता, आणि आमची रात्रीची ओळ धरली तर आणखी कमी. तिथंच मला उमगलं, की आपलं भांडण बेळगावशी नाहीच. या तक्त्याशी आहे.

राज्य पातळीवर एक ऑनलाइन बैठक झाली. तीत विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रातले लोकही होते. सगळ्यांनी एका आवाजात बोलावं अशी कल्पना. ती दहा मिनिटं टिकली. त्या भागांतल्या उद्योगांना २०१६ पासून राज्य सरकारचं वीज अनुदान मिळत होतं. पश्चिम महाराष्ट्राला, मागास तालुके सोडले तर, नव्हतं. आमच्या एकानं ते उकरून काढलं. तिकडून उत्तर आलं, की अनुदानाचा निधी मर्यादित आहे आणि तोही वेळेवर येत नाही, तुम्ही त्यावर डोळा ठेवू नका. दोघंही आपापल्या जागी खरे. 'महाराष्ट्राची स्पर्धात्मकता' हे शब्द ठरावात राहिले, बाकीचं प्रत्येकानं आपापलं मांडायचं ठरलं. मधल्या काळात पालकमंत्र्यांना निवेदन देणं, पुष्पगुच्छ, फोटो हेही झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही; चहा बरा होता.

हरकत दाखल करण्याची रीत मात्र लिहून ठेवतो, कारण बऱ्याच जणांना ती वकिलाचंच काम वाटते. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेतल्याशिवाय दर ठरवता येत नाहीत. कुणीही ग्राहक हरकत घेऊ शकतो. मराठीत लिहिली तरी चालते. जाहीर सूचनेत मुदत, पत्ता आणि संकेतस्थळ दिलेलं असतं. आपलं नाव, ग्राहक क्रमांक, मुद्दे, आणि शेवटी 'प्रत्यक्ष सुनावणीत बोलायचं आहे' हे स्पष्ट लिहायचं. पैसे लागत नाहीत. याचिका मात्र इंग्रजीत आणि शेकडो पानांची असते. मी ती सगळी वाचली असं सांगितलं तर घरचेच हसतील. उद्योगाचा दर, वेळेचा तक्ता आणि विक्रीचा अंदाज एवढी प्रकरणं वाचली, तीही रविवारी, चष्मा दोनदा पुसून.

इचलकरंजीच्या एका जाणत्या वीज कार्यकर्त्याला मसुदा दाखवला. आमच्या भागात यंत्रमागामुळं वीजबिल वाचणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली आहेत. त्यांनी तेरा पानं चाळली आणि विचारलं, "यात तुमची भट्टी कुठं आहे?"

मी म्हणालो, "दहाव्या पानावर आहे, एक परिच्छेद."

"बाकीचं बारा जण बोलतील. क्रॉस सबसिडी, गळती, शेतीपंपांचा खरा वापर किती आणि कागदावर किती, हे आयोग वर्षानुवर्षं ऐकतोय. ते बोलायला पाहिजेच, बोलणारी माणसं आहेत. तुम्ही भट्टी बोला."

मला राग आला होता. तेरा पानांसाठी मी आठ रात्री घालवल्या होत्या. पण घरी येऊन दहावं पान पुन्हा वाचलं, तर त्यातही भट्टी नव्हती, नुसतं 'फाउंड्री उद्योगास मोठा फटका बसेल' होतं. असा फटका सगळ्यांनाच बसत असतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना विचारलं, की समजा भट्टी दिवसा चालवली तर काय होईल? त्यांनी मोजून तीन अडचणी सांगितल्या, त्यातली एक माझ्याही डोक्यात आली नव्हती. पहिली, जागेची. आमच्याकडं दिवसभर साच्यांचे बॉक्स लावून शेड भरते, रात्री त्यात ओततो, सकाळी मोकळं. दिवसा ओतायचं तर मोल्डिंग कुठं करायचं? दुसरी, उन्हाची. तिसरी त्यांनी अशी सांगितली: "दुपारी सँड प्लांट चालू, कंप्रेसर चालू, शॉट ब्लास्ट चालू, त्यात भट्टी लावली तर मीटर काय म्हणंल?"

मीटर काय म्हणेल ते कागदावर काढलं. रात्री भट्टी एकटी चालते म्हणून आमची मंजूर मागणी ७०० केव्हीएत भागते. दिवसा सगळं एकत्र चाललं तर ती ८५० च्या पुढं जाते. मागणी आकार महिन्याला केव्हीएमागे पाचशेच्या वर. म्हणजे ९ ते ५ ची सूट मिळवायला आधी जादा मागणी मंजूर करून घ्या, तिचा आकार बारा महिने भरा, ट्रान्सफॉर्मर पुरत नसेल तर तो बदला. कागदावर दुपारची सूट रात्रीच्या सवलतीइतकीच दिसत असली, तरी आमच्या हाती तिच्यातलं निम्मंच पडत होतं. ही गोष्ट तेरा पानांत कुठंच नव्हती. नवं निवेदन तीन पानांचं केलं: एक पान हिशेब, एक पान चोवीस तासांचा भाराचा आलेख, एक पान मागणी. मागणीही साधी: निदान मध्यरात्री १२ ते ६ ची सूट काही वर्षं टप्प्याटप्प्यानं कमी करत न्या, आणि दिवसा वळणाऱ्या उद्योगांना वाढीव मागणीवर थोडी मुदत द्या.

आयोगाच्या सुनावणीसाठी पुण्याला पहाटे साडेचारला निघालो. महामार्गाच्या रुंदीकरणानं कऱ्हाडपर्यंत हाडं खिळखिळी केली. सभागृहात दहाच्या आधी पोचलो, तरी नावनोंदणीला रांग होती. वर आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य, एका बाजूला महावितरण कंपनीचे अधिकारी, समोर आम्ही. आधी कंपनीचं सादरीकरण झालं, मग एकेकाचं नाव पुकारायला लागले. शेतकरी होते, गृहसंस्थांवर सौर पॅनेल बसवलेले लोक होते (त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा, कारण वेळेचा तक्ता बदलला तर त्यांचाही हिशेब बिघडणार होता), शीतगृहवाले होते, अभ्यास करून आलेले पुण्यातले वीज अभ्यासक होते. एक आजोबा नुसतं 'मीटर बदलू नका' एवढं सांगायला आले होते आणि त्यांनाही शांतपणे ऐकून घेतलं.

माझ्या आधी एका उद्योग संघटनेचे पदाधिकारी बोलले. राज्याची स्पर्धात्मकता, गुंतवणूक, रोजगार, शेजारची राज्यं. भाषण जोरकस होतं. तिसऱ्या मिनिटाला वरून विचारणा झाली, की याचिकेतल्या कोणत्या मुद्द्यावर तुमची हरकत आहे? ते क्षणभर थांबले, मग पुन्हा गुंतवणुकीवर आले. खाली बसलो होतो तरी माझे कान गरम झाले, कारण दोन आठवड्यांपूर्वीचं माझं भाषण हेच होतं. त्यांनी वीज शुल्क कमी करा असंही म्हटलं. ते आयोगाच्या हातात नाही, राज्य सरकारच्या हातात आहे, असं उत्तर मिळालं.

माझं नाव आलं तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. मी मराठीत बोललो. कर्नाटक हा शब्द उच्चारला नाही. आलेख दाखवला आणि सांगितलं, की रात्री आमच्या रोहित्रावर एकटी भट्टी असते, दिवसा तिला घातलं तर हे शिखर असं उभं राहतं. एका सदस्यांनी विचारलं, "मोल्डिंग रात्री आणि मेल्टिंग दिवसा असं का करत नाही?" प्रश्न अगदी योग्य होता. मी म्हणालो, "करता येईल साहेब, पण मोल्डिंगला माणसं भट्टीच्या तिप्पट लागतात. आज सहा माणसं रात्री जागतात, मग वीस जागतील." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. कंपनीच्या एका अभियंत्यानं नंतर चहाच्या ठिकाणी आलेखाची प्रत मागितली. इतक्या वर्षांत माझ्याकडून स्वतःहून कागद मागणारा हा पहिला माणूस. चार मिनिटं बोललो असेन. येताना साताऱ्याजवळ मिसळ खाल्ली आणि मग गाडीत झोपलो ते कागल सोडून कोल्हापूर आलं तरी... नाही, कोल्हापूर आधी येतं. सांगायचं एवढंच, की चालकानं गोकुळ शिरगावात थेट शेडसमोर नेऊन उठवलं.

आदेश २८ मार्च २०२५ ला आला. आदेशात प्रत्येक मुद्द्याखाली लोकांचं म्हणणं, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय असे तीन भाग असतात, शेवटी हरकतदारांची यादी. मी आधी यादीतलं नाव शोधलं. माणूस आहे! मग आमचा मुद्दा. चार मिनिटांचं बोलणं, तीन पानं, आठ रात्री, त्यांचा अर्क एका वाक्यात होता, रात्री चालणाऱ्या उद्योगांची अडचण अशा अर्थाचा. दिवसाच्या स्वस्त विजेची दिशा मात्र कायम होती. दर एकूण खाली येणार म्हणून संघटनेच्या गटात पेढ्यांची चित्रं फिरली. एप्रिलच्या दुसऱ्या तारखेला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. पेढे तसेच राहिले.

पुढं कंपनीच्या अर्जावर फेरविचार होऊन २५ जूनला नवा आदेश आला, १ जुलैपासून लागू. त्या वेळी मला पुण्याला कुणी बोलावलं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं, त्यावर बोलणारे वकील आहेत. माझ्यापुढं जुलैचं बिल होतं. त्यात रात्रीच्या रकान्यात दीड रुपयाची जुनी वजाबाकी नव्हती.

साडूंचा फोन आला, "मग, तवंदी का शिनोळी?" मी म्हटलं, तुम्हीच शिनोळीला या, जेवायला तरी भेटू.

मग एके दिवशी मिस्त्री, मी आणि इलेक्ट्रिशियन असे तिघं बसलो आणि भट्टी सकाळी साडेनऊला चालू करायचं वेळापत्रक केलं. शॉट ब्लास्ट रात्रीवर ढकलला, कारण त्याला दोनच माणसं लागतात. सँड प्लांट पहाटे पाच ते नऊ. मागणी ७०० वरून ७८० केव्हीए करायला अर्ज टाकला. पुण्याला नेलेला आलेखच त्याला जोडला. शेडच्या मागं पत्र्याचा तुकडा वाढवून थोडं मोल्डिंग तिकडं नेलं. किलोमागचे चाळीस-पन्नास पैसे अजून सुटत नाहीत, खरेदी अधिकाऱ्यानं या खेपेला राजकोट काढलं नाही म्हणून निभावलं.

पावसाळ्यात ठीक चाललं. दसऱ्यानंतर ऑक्टोबरचं ऊन पडलं तेव्हा दुपारी दोनला पहिल्यांदा मी भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन उभा राहिलो. आत चौदाशे अंशांवरचं लोखंड, डोक्यावर तापलेला पत्रा. पाच मिनिटांत शर्ट अंगाला चिकटला. मिस्त्री स्लॅग, म्हणजे लोखंडावर तरंगणारी मळी, काढत होते. तोंडावरचा रुमाल न काढता म्हणाले, "साहेब, हे ऑक्टोबरचं झालं. एप्रिलात आयोगाला इथं बोलवा की."

दोन मोठे पंखे मागवलेत. ते दीड-दीड किलोवॅटचे आहेत.